कुंपणाची उंची

वरच्या मजल्यावरचे म्हातारे इंजिनियर आमच्या दारात पहिल्यांदा उभे राहिले ते कुकरच्या शिटीमुळे. जर्मनीत येऊन आम्हाला तीन महिने झाले होते. तेवढ्यात रविवारी काचेच्या बाटल्या टाकल्याबद्दल एक आणि जिन्यात बूट ठेवल्याबद्दल एक अशा दोन तक्रारी आमच्या नावावर जमा होत्या. तिसरी आली म्हणून मी चेहरा नम्र करून दार उघडलं. म्हातारे मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, "वाल्व्ह. तीनदा उडाला. दाब किती ठेवता?"

मला दाब माहीत नव्हता. मी एका संशोधन संस्थेत मिश्रधातूंवर काम करत होतो, नावापुढे डॉक्टर लागत होतं, आणि घरातल्या कुकरचा दाब सांगता येत नव्हता. त्यांनी तो स्वयंपाकघरात जाऊन पाहिला, शिटी उचलून फुंकून बघितली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "चांगलं यंत्र आहे. रबर बदला." आयुष्यभर ते खारकिव्हच्या कारखान्यात वीजनिर्मितीच्या टर्बाइन बनवत होते. वाफेचा आवाज आला की त्यांच्याच्याने स्वस्थ बसवत नसे.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. गाव बर्लिनपासून रेल्वेने दीड तासावर, पूर्वेकडचं. तरुण लोक पश्चिमेला निघून गेलेले, आणि रिकाम्या झालेल्या सिमेंटच्या इमारतींत आमच्यासारखे आलेले. वरच्या मजल्यावर इंजिनियर आणि त्यांची बायको राहत. ती दातांची डॉक्टर होती, पण तिचं प्रमाणपत्र जर्मनीने मान्य केलं नव्हतं, त्यामुळे ती फक्त शेजाऱ्यांच्या दातांकडे पाहून मान हलवत असे. सोव्हिएत संघ मोडल्यावर जर्मनीने तिथल्या ज्यूंना येऊ दिलं, त्या लोंढ्यात ती दोघं आली होती.

आम्ही यायच्या नऊ वर्षं आधी जर्मन वकिलातीत त्यांनी जुने पासपोर्ट दाखवले. सोव्हिएत पासपोर्टात पाचव्या ओळीत राष्ट्रीयत्व लिहीत. युक्रेनी असेल तर युक्रेनी, रशियन असेल तर रशियन, आणि ज्यू असेल तर ज्यू. इंजिनियरच्या पाचव्या ओळीत 'ज्यू' होतं. त्या ओळीमुळे त्यांना मॉस्कोच्या संस्थेत प्रवेश मिळाला नव्हता, दोनदा बढती हुकली होती आणि एकदा दात पडला होता. जर्मनीने ती ओळ वाचली आणि 'या' म्हटलं.

"पन्नास वर्षं त्या ओळीने मला फक्त दारं बंद करून दिली," ते म्हणाले. "मग एके दिवशी तिनेच एक उघडलं. मी म्हटलं, बरं, एवढी वर्षं सांभाळली ते वाया गेलं नाही."

कागदावरचा धर्म ही गोष्ट मला नवी नव्हती. गावात आल्यावर नगरपालिकेत नाव नोंदवायला गेलो तेव्हा अर्जात धर्माचा रकाना होता. मी 'बौद्ध' लिहिलं. बाईंनी संगणकात शोधलं, सापडेना. मग त्यांनी 'इतर' टाकलं आणि मला धीर दिला, "काही फरक पडत नाही. त्यावर कर लागत नाही." माझ्या आजोबांनी नागपूरला वडिलांना खांद्यावर घेऊन धर्म बदलला होता. वडिलांनी पुढे केंद्र सरकारच्या नोकरीच्या अर्जात जुनी जात लिहायला नकार दिला आणि ती जागा घालवली. तो सगळा व्यवहार इथे 'इतर' मध्ये बसला. मी सही केली. बाई सौजन्याने वागल्या होत्या.

गावात ज्यूंची एक संस्था होती. तिला सगळे 'गेमाइंडे' म्हणत. एका बंद पडलेल्या बालवाडीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत प्रार्थना आणि दुसरीत चहा, बुद्धिबळ आणि रशियन वर्तमानपत्रं. दुसऱ्या खोलीत गर्दी असे. रब्बी, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, बर्लिनहून महिन्यातून दोनदा येत. तेही परदेशातून आलेले, तरुण, अभ्यासू आणि कडक. बाकीच्या शनिवारी म्हातारे आपापसांत भागवत.

सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर काही भाग म्हणता येत नाही, त्यात मृतांसाठीची प्रार्थनाही आली. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत अशीही त्यांची रीत आहे. म्हणून एक निवृत्त संगीतशिक्षक दारापाशी उभे राहून स्तोत्रातली दहा शब्दांची एक ओळ म्हणत, एकेका माणसाकडे पाहत एकेक शब्द. ओळ पुरी झाली की सुरुवात करायची. शेवटचा शब्द बहुधा इंजिनियरच्या वाट्याला येई, कारण ते बुद्धिबळाचा डाव अर्धा टाकून सगळ्यांत शेवटी आत येत.

"देवावर विश्वास आहे का तुमचा?" मी एकदा विचारलं.

"आमचं भांडण नाही," ते म्हणाले. "ओळखच नाही."

"मग जाता कशाला?"

"नऊ जण बसलेले असतात. दहावा नसला तर ते तसेच बसून राहतात. मी बसून राहणारी माणसं पाहू शकत नाही. यंत्र तयार आहे आणि एका बोल्टसाठी अडलंय, हे तुम्हाला चालेल का, डॉक्टर?"

'डॉक्टर' हा शब्द ते टोमण्यासारखा वापरत. आमच्या दारावरच्या पाटीवर घरमालकाने माझ्या आडनावाआधी ती दोन अक्षरं न विचारता छापली होती. जर्मनीत ती नावाचाच भाग समजतात, आणि फ्रिज दुरुस्त करणाराही मला तसंच संबोधायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात इंजिनियरची बायको गेली. तीन आठवडे दवाखान्यात होती. मोठी बाई गेली, पण गाजावाजा न करता. त्यांच्या पद्धतीप्रमाणे फुलं नव्हती, भाषण नव्हतं, साधी लाकडी पेटी होती. नंतर प्रत्येकाने फावड्याने थोडी माती टाकली. मला ती पद्धत आवडली. शहराच्या मोठ्या दफनभूमीचा एक कोपरा ज्यूंसाठी राखलेला होता, भोवती झुडपांचं उंच हिरवं कुंपण. तिची कबर शेवटच्या ओळीत पडली. उशाला कुंपण आणि डाव्या बाजूला एक मोकळी जागा. ती जागा इंजिनियरना हवी होती. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात ते डाव्या बाजूला झोपत आले होते.

जागा राखून ठेवायला गेमाइंडेचा अर्ज भरायचा होता. आणि इथे त्यांनी एक चूक केली, जी त्यांच्या पिढीच्या सोव्हिएत माणसाखेरीज कोणी केली नसती. अर्जात त्यांनी एकही जागा कोरी सोडली नाही. त्यांच्या देशात अर्धवट अर्ज परत येत असे, कधी अर्जदारासकट. आईचं नाव, आईचं जन्मगाव, आईच्या वडिलांचं नाव. मग एक रकाना होता, 'माहीत असल्यास': आईच्या वडिलांचा व्यवसाय. त्यांना माहीत होतं. त्यांनी लिहिलं, 'पाद्री.'

पंधरा दिवसांनी पत्र आलं. ते घेऊन ते खाली आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वाचा. तुमचं जर्मन चांगलं आहे. डॉक्टरांना कळायचं नाही." खरं होतं. बायको भाषा शिकायच्या वर्गात पहिली आली होती आणि मी संस्थेत इंग्रजीवर भागवत होतो.

पत्र फार सुसंस्कृत होतं. ज्यूंचा धर्मकायदा वंश आईकडून धरतो. आई ज्यू नसेल तर मुलगा ज्यू नाही, आणि ज्यू नसलेल्याला ज्यू दफनभूमीत जागा देता येत नाही. आजवर कागद पत्नीच्या नावाने तपासले गेल्याने ही बाब लक्षात आली नव्हती, त्याबद्दल खेद. रीतसर धर्मप्रवेशाचा मार्ग अर्थातच खुला आहे. पत्र संपल्यावर बायकोने घडी घातली आणि चहा ठेवला.

"म्हणजे तिकडे मी ज्यू होतो," इंजिनियर म्हणाले, "वडिलांमुळे. इकडे मी ज्यू नाही, आईमुळे. सीमा ओलांडताना डब्यात असं काय झालं?"

"धर्मप्रवेशाला काय करावं लागतं?" बायकोने विचारलं.

"एक वर्ष शिकायचं. एक छोटं ऑपरेशन, जे माझ्या बाबतीत राहून गेलं, तेव्हा कम्युनिस्ट पक्षाला आवडत नसे. मग तीन रब्बींसमोर सांगायचं की मी देवाला मानतो आणि त्याचे सगळे नियम पाळीन."

"मग सांगून टाका," मी म्हणालो. मला ते व्यवहार्य वाटलं. "शहात्तराव्या वर्षी कोण तपासायला येतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला कुकरचा दाब आठवला.

"डॉक्टर, चाळीस वर्षं मी दर वर्षी एका कागदावर सही केली की माझा अमुक अमुक गोष्टींवर पूर्ण विश्वास आहे. नव्हता. तिला ते माहीत होतं. दर वेळी घरी आलो की ती विचारायची, आज किती खोटं बोललास? इकडे येताना रेल्वेत ती म्हणाली, आता पुरे. मी म्हटलं, पुरे. आणि आता तिच्या शेजारी निजायला मिळावं म्हणून खोटं बोलू? पहिली गोष्ट ती हेच विचारेल."

"पण तुम्ही म्हणता देव नाही. मग ती कुठून विचारणार?" बायको म्हणाली.

"ती विचारेल," ते म्हणाले.

तर अडचण अशी होती. त्यांना बायकोजवळची जागा हवी होती, आणि खोटं बोलायचं नव्हतं. इतकंच.

त्यात एक उपकथानक विनोदी होतं. पत्र आल्यावर त्यांना दहात मोजणं बंद झालं. संगीतशिक्षक नववा शब्द म्हणून थांबत आणि जमिनीकडे पाहत. उलट, आजवर बालवाडीतला जुना बॉयलर शनिवारी बंद पडला की इंजिनियर गुपचूप तळघरात जाऊन तो चालू करत, कारण शनिवारी ज्यूने काम करणं निषिद्ध. आता ते ज्यू नव्हते. थंडीत ज्यू नसलेल्याने शेगडी पेटवली तर चालतं. तेव्हा दहाव्या माणसाची जागा गेली आणि बॉयलर राजरोस मिळाला. "नऊ वर्षं पापी होतो," ते म्हणाले. "आता नुसता मेकॅनिक आहे. ही बढतीच म्हणायची."

ते तरीही दर शनिवारी जात. बाहेरच्या खोलीत एकटेच बुद्धिबळ मांडून बसत. आत नऊ जण दहाव्याची वाट पाहत असत. मधलं दार उघडंच असे.

त्या काळात मी वाचनालयातून या विषयावरची पुस्तकं आणायला लागलो. गेल्या दोनशे वर्षांत, बंदिस्त वस्त्यांची दारं उघडल्यावर, युरोपातल्या ज्यूंपुढे प्रश्न आला की आता आपण कोण. या देशातल्या काहींनी प्रार्थनागृहात ऑर्गन बसवला, प्रवचन जर्मनमध्ये केलं आणि रब्बींना पाद्र्यांसारखा झगा दिला. शेजाऱ्यांना आपली लाज वाटू नये, हा हेतू. काहींनी उलट प्रत्येक नियम दुप्पट घट्ट केला. काहींनी देव सोडला आणि लोक ठेवले, काहींनी लोक सोडले आणि माणुसकी धरली. काही म्हणाले, आपला स्वतंत्र देश पाहिजे. मी हे मोठ्या उत्साहाने इंजिनियरना सांगायला गेलो.

"हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "हे आमच्या जेवणाच्या टेबलावरच होतं. पणजोबा म्हणायचे, काहीही बदलायचं नाही. आजोबा म्हणायचे, सगळं बदलायचं, आणि संपावर जायचे. चुलत आजोबा पॅलेस्टाइनला गेले आणि तिथून संत्र्यांची तक्रार करत पत्रं पाठवायचे. वडील म्हणायचे, क्रांती झाली, आता ज्यू वगैरे प्रश्नच उरला नाही, आणि त्यांनी पाद्र्याच्या मुलीशी लग्न केलं. सगळे हुशार होते. सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी होती. प्रश्न मात्र तोच राहिला आणि तो आता मला पुरायचं कुठे इथवर आलाय."

वसंतात नगरभवनात एक मोठा कार्यक्रम झाला. 'परंपरा आणि आधुनिकता: ज्यू अस्मितेच्या वाटा'. बर्लिनहून प्राध्यापक, आपल्याकडचे रब्बी, अध्यक्षस्थानी उपमहापौर. जर्मनीत अशा विषयावर व्हायोलिनशिवाय बोलत नाहीत. चार वादक होते. त्यांनी काहीतरी दुःखी वाजवलं आणि सभागृह दुःखी झालं. मग उपमहापौरांनी 'सहजीवन' हा शब्द इतक्या वेळा वापरला की शेजारी बसलेली बायको कुजबुजली, "अहो, यांची लग्नपत्रिका छापायची आहे का?" प्राध्यापकांचं भाषण मात्र चांगलं होतं. मला त्यातलं बरंचसं पटलं, आणि पटल्यावर माणसाला येते तशी थोडी झोपही आली. इंजिनियर आमच्या डाव्या हाताला कोट घालून ताठ बसले होते. पहिल्या रांगेतल्या ज्यू नागरिकांसाठी राखीव खुर्च्यांवर बसायला त्यांनी नकार दिला होता. "माझे कागद तपासायचे आहेत," त्यांनी स्वागताच्या मुलीला सांगितलं होतं.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा ते उठले.

"माझा प्रश्न लहान आहे," ते म्हणाले. "वडील ज्यू, आई नाही. बायको ज्यू, ती तुमच्या दफनभूमीत आहे. मी नास्तिक. मला तिच्या जवळ पुरायचं आहे आणि खोटं बोलायचं नाही. कुठे पुरणार?"

उपमहापौर म्हणाले, हा फार हेलावून टाकणारा प्रश्न आहे. प्राध्यापक म्हणाले, अगदी बरोबर, आधुनिकतेचा पेच नेमका हाच. इंजिनियर म्हणाले, "हो, पण कुठे?" प्राध्यापकांनी प्रामाणिकपणे हात पसरले. शेवटी रब्बी उठले. ते म्हणाले, "मंगळवारी मी गावात आहे. तुम्ही दफनभूमीत या."

"जर्मन येणारं कोणी बरोबर आणू का?"

"येणारं आणा," रब्बी म्हणाले. "मलाही फारसं येत नाही."

मंगळवारी आम्ही तिघे गेलो. इंजिनियर, बायको आणि मी. इंजिनियरच्या खिशात पाच मीटरची टेप होती. रब्बी आधीच येऊन कबरीपाशी उभे होते. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की डाव्या बाजूची जागा ते देऊ शकत नाहीत. "कायदा मी केलेला नाही."

"टर्बाइनचे नियमही मी केले नव्हते," इंजिनियर म्हणाले. "पण वाफ कुठून जाते ते मला माहीत होतं."

मग त्यांनी टेप काढली. एक टोक माझ्या हातात दिलं. कबरीच्या दगडापासून कुंपणापर्यंत चाळीस सेंटिमीटर. कुंपणाची जाडी सत्तर. ते वळसा घालून फाटकातून पलीकडे गेले आणि कुंपणातून हात घालून टेपचं टोक ओढलं. पलीकडे शहराची दफनभूमी होती, सगळ्यांची. कुंपणालगत एक मोकळी पट्टी होती, तिथे नळ होता आणि पाण्याच्या हिरव्या झाऱ्या टांगलेल्या होत्या. झाडीतून त्यांचा आवाज आला, "इथे मी डोकं या बाजूला करून निजलो तर तिच्या डोक्यापासून माझं डोकं दोन मीटर. आमच्या जुन्या घरात पलंग आणि सोफा यांच्यात एवढंच अंतर होतं. मी घोरायला लागलो की ती मला तिकडे पाठवायची."

रब्बींनी विचार केला. "ती जमीन शहराची आहे. तिथे कोणाला पुरायचं हे मला विचारायचं कारण नाही."

"पण मध्ये ही भिंत आहे," इंजिनियर म्हणाले. कुंपण त्यांच्या डोक्याच्या वर होतं, आवाजच फक्त येत होता.

"भिंत हवीच. मध्ये काहीतरी असलंच पाहिजे."

"किती उंच?" बायकोने विचारलं.

रब्बींनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, तोवर त्यांनी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. "कायद्यात भिंत म्हणून धरली जायला दहा मुठी उंची लागते," ते म्हणाले. "त्याहून जास्त लागते, असं कुठे म्हटलेलं नाही."

"कोणाच्या मुठी?" पलीकडून आवाज आला.

"त्याबद्दल दोन मतं आहेत. एकाची मूठ मोठी, एकाची लहान. कडक मत मोठ्या मुठीचं." ते कडक मताचेच रब्बी होते, हे गावाला माहीत होतं. त्यांनी बाही वर केली, खाली बसून कुंपणाच्या बुंध्याशी मूठ टेकवली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर पहिली, पोरं बॅट पकडताना चढवतात तशा. दहाव्या मुठीला थांबले. त्यांचे हात लहान होते. मी टेप लावली, अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर.

"अठ्ठ्याहत्तर," मी ओरडून सांगितलं.

"म्हणजे कमरेइतकं," पलीकडून उत्तर आलं.

पुढचं सहा महिन्यांचं काम शहराच्या दफनभूमी कार्यालयाचं होतं, आणि ते रब्बींच्या कायद्यापेक्षा अवघड निघालं. कुंपणालगतची पट्टी कबरींसाठी नाही, झाऱ्यांसाठी आहे. झाऱ्या हलवता येतील, नळ हलवता येणार नाही. नळ सोडून जागा मोजता येईल, पण माळ्याला कुंपण कापायला दोन मीटर मोकळे लागतात. कुंपण कोणाचं? गेमाइंडेचं. मग त्याची उंची कमी झाल्यास त्यांची हरकत नाही असं लेखी हवं. बायको पत्रं लिहीत होती आणि प्रत्येक उत्तराला 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणून मान डोलवत फाइल करत होती. तिला यात भलताच रस आला होता. रब्बींचं पत्र दोन ओळींचं आलं. विभाजन आवश्यक आहे, अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर पुरेसे आहेत.

मी वडिलांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांना रब्बी, कायदा, यात रस नव्हता. त्यांनी एकच विचारलं, "त्या म्हाताऱ्याने कुठं खोटं लिहून नाही ना दिलं?"

"नाही, बाबा."

"मग झालं. कायले लिहायचं खोटं? एकदा लिहिलं का पोरालेही तेच लिहा लागते."

शरदात कार्यालयाचं मंजुरीचं पत्र आलं. कुंपण कापायची जबाबदारी इंजिनियरनी स्वतःवर घेतली, कारण माळी वर्षातून दोनदाच येणार होता आणि तेवढ्यात कुंपण कडक मताच्या उंचीला पोचलं असतं. त्यांनी एक मोठी कात्री विकत घेतली, एका काठीवर अठ्ठ्याहत्तरची खूण केली आणि दर शुक्रवारी सकाळी बसने जाऊ लागले. बाकी कुंपण डोक्याच्या वर होतं तसंच राहिलं. फक्त त्या जागी तीन मीटरची एक खिडकी झाली. संगीतशिक्षक ती पाहून म्हणाले, "न्हाव्याने हजामत अर्धी टाकून पळ काढला वाटतं." डाव्या बाजूची जागा पुढे त्यांनीच आपल्या नावावर करून घेतली. "बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिलाय," ते इंजिनियरना म्हणाले. "तुम्ही पलीकडून चाली सांगत जा."

आम्ही ते गाव सोडलं त्या हिवाळ्यात इंजिनियरच्या बायकोला जाऊन दोन वर्षं झाली. मला ड्युसेलडॉर्फला नोकरी मिळाली होती, सामान बांधून झालं होतं. वर्षदिनाला मृतांसाठीची प्रार्थना कबरीवर म्हणतात. आम्हाला बोलावणं होतं. आम्ही दोघं शहराच्या बाजूला उभे राहिलो, इंजिनियरबरोबर, त्यांच्या भावी जागेवर. जमीन गोठलेली होती. त्यांच्या हातात कात्री होती. आदल्या शुक्रवारी बर्फामुळे बस आली नव्हती, म्हणून ते आता आधी कुंपण सारखं करून घेत होते. काठी लावून, वाकून, टोकं छाटत.

पलीकडे कबरीभोवती म्हातारे जमले. रब्बी आले. दहावा माणूस यायचा होता. तो आलाच नाही, त्याला फ्ल्यू झाला होता. पंधरा मिनिटं सगळे पाय आपटत उभे राहिले. मग रब्बी म्हणाले की आपण नुसतं स्तोत्र म्हणू या, ते नवांनाही चालतं. इंजिनियरनी मान हलवली आणि कापत राहिले.

संगीतशिक्षकांनी तरीही मोजायला सुरुवात केली. कदाचित सवयीने. ते एकेकाकडे पाहत शब्द म्हणत गेले, आवाज अजून बारीक पण सुरात होता. नववा शब्द रब्बींना मिळाला. नेहमी संगीतशिक्षक इथे थांबून जमिनीकडे पाहत. या वेळी त्यांनी जमिनीकडे पाहिलं नाही. कुंपणावरून इकडे, इंजिनियरकडे पाहिलं आणि दहावा शब्द म्हटला.

रब्बींचा चष्मा थंडीने धुरकटला असावा, कारण नेमका तेव्हाच त्यांनी तो काढून पुसायला घेतला, आणि नीट, दोन्ही बाजूंनी पुसला. तो परत डोळ्यांवर चढवेपर्यंत म्हाताऱ्यांनी मृतांची प्रार्थना सुरू केली होती. ती फार लांब नसते.

इंजिनियरनी कात्री खाली ठेवली नाही, पण चालवायची थांबवली. प्रार्थना संपल्यावर ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "मोजायला चुकला तो. मी सांगू का त्याला, डॉक्टर?"

"तुमची इच्छा," मी म्हणालो.

त्यांनी काठी पुन्हा कुंपणाला लावली, एक फांदी खुणेच्या वर आली होती ती कापली, आणि काही सांगितलं नाही.